शेवटची चेन सोडली आणि मशीन ट्रेलरवरून खाली! नक्की क्रम काय असायला हवा होता?

शॉपफ्लोअरवाला (धागाकर्ता):

मंडळी, लांबलचक लिहितोय, आधीच माफी. गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवीन प्रेस ब्रेक आला, म्हणजे पत्रा वाकवायचं मशीन, पॅकिंग लिस्टवर वजन ७२०० किलो. ओपन ट्रेलरवर उभा बांधलेला, अंगावरून आडव्या टाकलेल्या चार चेन, चारही बाइंडर (चेन ताणून घट्ट करायचे लिव्हर) एकाच बाजूला, बहुतेक बांधणाऱ्याला सोयीचं पडावं म्हणून. क्रेन गेटवर थांबलेली, तिचे कागद बघणं चालू होतं, तर मी म्हटलं तोपर्यंत ताडपत्री आणि चेन सोडून ठेवू, क्रेन आत आली की उचलू लगेच, वेळ वाचेल. हे वाक्य माझंच आहे, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

तीन चेन सुटल्या, फार त्रास नाही झाला. चौथी मात्र तार झालेली, हलेचना. मग हेल्परने नेहमीचा पाइप आणला, लिव्हरच्या दांड्यात घातला आणि अंग टाकलं. दांडा असा काय उलटला की पाइप हातातून निसटून दहा-बारा फूट लांब जाऊन पडला. पोरगं शिव्या देत पाइप उचलायला गेलं आणि मागे करकर असा लाकडाचा आवाज. वळून बघतो तर मशीन झुकतंय, घाई नाही काही नाही, कुणी वाकून खाली पडलेलं काहीतरी शोधावं तसं, आणि मग एकदम कडेवरून खाली. तो जिथे उभा राहून पाइप दाबत होता बरोब्बर तिथे.

कुणाला खरचटलंही नाही. पण मला दोन रात्री झोप नाही. मशीनचा बॅकगेज (पत्रा मागे टेकवायचा भाग) गेला, कंट्रोल पॅनल गेला, ते होईल काय व्हायचं ते. मला विचारायचंय ते असं की चेन आधी सोडायची का हूक आधी लावायचा? क्रेनवाला म्हणतो बांधलेल्या मालाला मी हूक लावत नाही. ट्रेलरचा ड्रायव्हर म्हणतो पोचल्या पोचल्या सोडायची आमची पद्धतच आहे. दोघंही माझ्यापेक्षा जास्त वर्षं या धंद्यात. असाच दुसरा प्रेस ब्रेक थोड्या दिवसांनी येतोय म्हणून घाईने विचारतोय.

ट्रेलरचालक:

भाऊ पोरगं वाचलं, बाकी सगळं नंतर.

आमची बाजू सांगतो. पद्धत वगैरे काही नाहीये, गेटमधून आत आलो की तुमच्यापैकीच कुणीतरी ओरडतं "सोडून ठेव रे", मग आम्ही सोडतो. न सोडलं तर ड्रायव्हर कामचुकार, सोडलं आणि पडलं तर ड्रायव्हर अडाणी. मी आता सरळ सांगतो, उतरवणारं मशीन बाजूला येऊन उभं राहिल्याशिवाय एक बाइंडर उघडणार नाही. दोन-चार ठिकाणी भांडणं झाली यावरून, होऊ देत.

आणि हो, तो पाइप. लिव्हर बाइंडरला पाइप लावायचा नसतो हे आम्हाला पण माहीत असतं, तरी प्रत्येक गाडीत एक असतोच 🙂

जुना_खलाशी:

शॉपफ्लोअर, तुमच्या लिखाणात एक वाक्य आहे ते परत वाचा. "तीन सुटल्या, चौथी तार झालेली." अहो मशीन तेव्हाच सांगत होतं की मी पडतोय.

माल ट्रेलरवर सरळ उभा असला तर चेनला काम फक्त रस्त्यावर असतं, ब्रेक, वळण, खड्डा. यार्डात उभ्या गाडीत सगळ्या चेन साधारण सारख्याच लागल्या पाहिजेत हाताला. एक कडक आणि बाकीच्या ढिल्या, याचा अर्थ माल एकीकडे रेललाय आणि त्या एका चेनवर लटकून उभा आहे. तुम्ही तीन सोडल्या तसतसा तो सगळा भार चौथीवर येत गेला, म्हणून ती पाइपशिवाय सुटेना. बाइंडर नेहमीपेक्षा जड लागला की हात काढून घ्यायचा, पाइप आणायचा नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगतो.

मी काय करतो ते सांगतो, मानायचं तर माना. गाडी सपाट जागेवर लागली, हँडब्रेक लागला, चाकांना पुढून-मागून गुटके लागले, की एक पूर्ण चक्कर मारायची, हात खिशात घालून. काही सोडायचं नाही, फक्त बघायचं. मालाखालची लाकडं बघायची. एका बाजूची लाकडं दबून चेपली असतील, आतलं ताजं पांढरं लाकूड दिसत असेल, नाहीतर एखादा गुटका सरकून अर्धा बाहेर आला असेल, तर माल सरकलाय. डेकवर घासल्याची चकचकीत रेघ दिसते कधीकधी. मग चारही चेन हाताने दाबून बघायच्या. आणि गाडीच्या मागे वीस पावलं जाऊन एक डोळा मिटून मालाची उभी कड आणि ट्रेलरची कड जुळते का बघायची. याला दोन-तीन मिनिटं लागतात.

नवखी_इंजिनियर:

खलाशीकाका, तुमच्या चकरेत आकडे घालून बघितले, रात्री झोप येईना म्हणून 😅

प्रेस ब्रेक वरजड असतो, रॅम आणि सिलिंडर सगळं वर, त्यातून पुढच्या बाजूला जास्त. समजा गुरुत्वमध्य मशीनच्या तळापासून १४० सेमीवर आणि पुढच्या पायांच्या रेषेपासून फक्त २५ सेमी आत. मग २५ भागिले १४० म्हणजे ०.१८, कोन येतो जेमतेम १० अंश. एवढं पुढे कललं की ते स्वतःच्या वजनाने पडणार, कुणी ढकलायची गरज नाही. आता पुढच्या-मागच्या पायांत १ मीटर अंतर धरलं आणि पुढची पॅकिंग, म्हणजे खालची लाकडं, ५ सेमी दबली तर तिथेच जवळपास ३ अंश गेले. यार्डाला पाणी जायला उतार असतोच, त्याचा एखाद-दीड अंश. माल एकीकडे गेला की ट्रेलरचे स्प्रिंगचे पाटे त्या बाजूला बसतात, त्याचे अजून दोन-तीन. झाले की सात! उरलेले तीन अंश बाइंडर उलटताना बसलेल्या हिसक्याने आणि गुटका निसटण्याने खाल्ले असणार.

आकडे माझे अंदाजी आहेत हां, खरे त्या मशीनच्या ड्रॉइंगवर असतात. पण १० अंश म्हणजे डोळ्याला जवळपास सरळच दिसतं हो, तेच भीतीदायक वाटलं मला. बरं, आमच्या लेथ मशीनचं पण असंच, हेडस्टॉककडे (जॉब फिरवणारं टोक) जड. क्रेटवर गुरुत्वमध्याची खूण छापलेली असते, गोल आणि त्यात फुली, ती कोण बघतं?

शॉपफ्लोअरवाला:

खूण होती. ताडपत्रीखाली. सोडल्यावर दिसली.

हुकावरचा:

क्रेन ऑपरेटर आहे, त्यामुळे "बांधलेल्या मालाला हूक लावत नाही" याच्यावर बोललंच पाहिजे. तो ऑपरेटर अर्धा बरोबर आहे. बांधलेला माल *उचलायचा* नाही. हूक लावायला कुणी अडवलंय?

मी एकदा काय भोगलंय ते सांगतो. मोठी टाकी, सहा बेल्ट, खालून सगळे सुटले असं ओरडून सांगितलं, मी उचलायला घेतलं आणि लोड इंडिकेटरवर आकडा चढतच चालला, टाकी १२ टनांची आणि आकडा १५ च्या पुढे. बघतो तर ट्रेलरचे मागचे टायर फुगायला लागलेले, म्हणजे ट्रेलर वर येतोय! पलीकडच्या बाजूला एक चेन तशीच. ती तुटली असती तर टाकीने उसळी मारून माझं बूम (क्रेनचा लांब हात) हलवून टाकलं असतं. तेव्हापासून कुणी कितीही ओरडलं तरी सिग्नलमनने स्वतः चक्कर मारून हात दाखवल्याशिवाय उचलत नाही.

म्हणून माझा क्रम: बूम आधी मालाच्या डोक्यावर, हूक गुरुत्वमध्याच्या बरोब्बर वर. बेल्ट-शॅकल (बेल्ट अडकवायच्या लोखंडी कड्या) लावले. मग फक्त ढील काढायची, बेल्ट सरळ होतील एवढंच, इंडिकेटरवर बेल्टांचं आणि हुकाच्या ब्लॉकचं वजन दिसावं, मालाचं नाही. आता चेन सोडा. सोडणारे लोक डेकवरून खाली, लांब. सिग्नलमनची चक्कर. मग १०-१५ सेमी उचलून थांबायचं, ब्रेक धरतोय का, माल आडवा होतोय का, आउटरिगर (क्रेनचा बाजूला पसरलेला पाय) खचतोय का. वाकडा उठला तर परत ठेवायचा आणि बेल्ट बदलायचा, हवेत असताना हाताने दाबून सरळ करायला जायचं नाही, तो सात टन आहे आणि तुम्ही सत्तर किलो.

आणि ढील जास्त ओढली तर? म्हणजे चेन बांधलेली असताना ताण दिला तर शेवटची चेन सोडताना माल हुकाकडे झेपावतो. हूक मध्यावर नसेल तर बाजूला झेपावतो. तिथे तुमच्या क्रेनवाल्याची भीती खरी आहे.

शंकासुर:

सगळं पटतंय पण प्रॅक्टिकल बोला राव. एका दिवसात आठ गाड्या रिकाम्या करायच्या असतात, प्रत्येक गाडीला चक्कर, हूक, ढील, परत चक्कर... इथे सल्ले देणं सोपं आहे. आमच्याकडे वीस वर्षं आधी चेन सोडतात मग क्रेन येते, एकदाही काही पडलं नाही.

जुना_खलाशी:

वीस वर्षं पडलं नाही कारण माल बसका होता. पाइपांचे बंडल, प्लेट, मोटर. शंकासुरभाऊ, तुमच्या मालाची उंची त्याच्या पायाच्या दुप्पट झाली की तुमची वीस वर्षं त्या गाडीला लागू होत नाहीत. आणि पाइपांचं बंडल पण म्हणू नका बसकं, खुंटे नसले की पट्टा कापल्याबरोबर घरंगळतं. सोडणाऱ्याच्याच अंगावर येतं.

सेफ्टीताई:

सहमत. आठ गाड्यांत सात बसक्या असतील तर त्या भराभर करा ना, कोण नाही म्हणतंय, आठवी ओळखता आली पाहिजे.

मला दुसऱ्याच गोष्टीवर बोलायचंय, माणूस कुठे उभा आहे यावर. मी वाचलेल्या-बघितलेल्या अपघातांत सारखा सारखा येणारा एक प्रकार म्हणजे फोर्कलिफ्ट एका बाजूने माल काढतोय आणि ड्रायव्हर पलीकडच्या बाजूला बेल्ट गुंडाळत बसलाय. फोर्क लांब असतात, पहिल्या क्रेटखालून जाऊन मागच्या क्रेटला ढोसतात, आणि तो मागचा क्रेट पलीकडून खाली. फोर्कलिफ्टवाल्याला ड्रायव्हर दिसतच नाही, मध्ये दोन मीटर उंच माल. ड्रायव्हरला वाटतं मी तर फोर्कलिफ्टपासून सगळ्यात लांब आहे, सेफ आहे. सगळ्यात वाईट जागा तीच!

आमच्याकडे आता ट्रेलर आला की ड्रायव्हरची एक ठरलेली जागा आहे, रंगवलेली, फोर्कलिफ्टवाल्याला बसल्या जागेवरून दिसेल अशी. ड्रायव्हर तिथे दिसला नाही तर फोर्क हलत नाही. आणि गाडीची किल्ली उतरवून घेणाऱ्याकडे, कारण "झालं वाटतं" म्हणून माल अर्धा हवेत असताना गाडी पुढे घेतलेली मी डोळ्यांनी बघितली आहे.

ट्रेलरचालक:

ताई किल्ली द्यायला आमची हरकत नाही, फक्त ती रंगवलेली जागा उन्हात नको हो 🙏

आणि अजून एक, कुणी बोललं नाही म्हणून. आमच्या लोकांची हाडं माल पडून जेवढी मोडत नाहीत तेवढी डेकवरून स्वतः पडून मोडतात. डेक सव्वा ते दीड मीटर उंच, ताडपत्री ओली, पायात चप्पल, आणि उतरताना उडी. मी पण मारायचो, एक दिवस खाली पडलेल्या लाकडाच्या गुटक्यावर पाय पडला आणि घोटा गेला, दीड महिना. आता गाडीकडे तोंड करून उतरतो, दोन हात एक पाय नाहीतर दोन पाय एक हात कायम धरलेला. पोरं हसतात, म्हातारा झाला म्हणतात.

शॉपफ्लोअरवाला:

हुकावरचा, बेल्टचा एक प्रश्न. आमच्याकडे लाल रंगाचे दोन पाच टनी बेल्ट आहेत. मशीन ७.२ टन. पाच आणि पाच दहा, म्हणजे चालेल ना?

हुकावरचा:

उभे सरळ, दोन वेगळ्या हुकांवर लावले तर चालेल. एका हुकाला दोन्ही लावून खाली फाकवले तर कोन बघावा लागेल. वजन निम्मं निम्मं येतं असं धरून सांगतो. जमिनीशी ६० अंशाचा कोन असेल तर एकेका बेल्टवर वजनाच्या ०.५८ पट, म्हणजे ४.१५ टन, चाललं. ४५ अंशाला ०.७१ पट, म्हणजे ५.१ टन, तुमचा बेल्ट संपला. ३० अंशाला एकेका बेल्टवर पूर्ण ७.२ टन!! कोन जेवढा पसरट तेवढा ताण वाढतो. लोकांना उलटं वाटतं, पसरला की वजन वाटलं जातं असं. आणि बेल्ट मालाला फास मारून लावला तर क्षमता साधारण ८० टक्केच धरायची.

त्यात तुमच्या मशीनला पुढे-मागे वजन सारखं नाही, म्हणजे जड बाजूच्या बेल्टवर अजून जास्त. सहा किंवा आठ टनी घ्या. रंगाची गंमत म्हणजे युरोपियन मानकाप्रमाणे, ईएन १४९२, जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५, तपकिरी ६, निळा ८, नारिंगी १०. पण रंगावर विसंबून राहू नका, शिवलेलं लेबल वाचा, लेबल निघालेलं असेल तर तो बेल्ट आता फक्त दोरी आहे. धारेवर लावताना कोपऱ्यात गार्ड, नाहीतर निदान जाड जुना होज चिरून लावा. प्रेस ब्रेकच्या साइड फ्रेमला वरती उचलायची भोकं असतात, तिथून शॅकलने घ्या, पोटाखालून बेल्ट घालू नका. खालून घेतलं की गुरुत्वमध्य बेल्टच्या वर राहतो आणि हवेत कोलांटी मारतं.

वायर रोप असेल तर तुटलेल्या तारा मोजा. अमेरिकेतल्या ओशाच्या (तिथली कामगार-सुरक्षा संस्था) नियमात एका पिळाच्या लांबीत विखुरलेल्या १० किंवा एकाच स्ट्रँडमध्ये (दोराच्या एका लडीत) ५ तारा तुटलेल्या दिसल्या की तो बाद. हातमोजा घालून मोजा, एक तार माझ्या तळहातात अजून आहे बहुतेक.

फोर्क_भाई:

आमच्याकडे पण एक आकडा घोटाळा होतो तो टाकतो. "तीन टनी फोर्कलिफ्ट आहे, क्रेट अडीच टनाचा, उचल." तीन टन हे फोर्कच्या उभ्या तोंडापासून ५०० मिमी वर वजनाचा मध्य असेल तर. क्रेट १.८ मीटर खोल असला की मध्य ९०० मिमीवर गेला. पुढच्या अ‍ॅक्सलपासून फोर्कच्या तोंडापर्यंत ४५० मिमी धरलं तर ३००० गुणिले ९५० भागिले १३५०, येतात २१०० किलोच्या आसपास. अडीच टन घेतला की मागची चाकं हलकी, स्टिअरिंग मागच्या चाकांवर असतं त्यामुळे वळत पण नाही, मग लोक मागे दोन माणसं उभी करतात काउंटरवेट म्हणून. दोनदा बघितलंय मी हे. माझ्या हिशोबापेक्षा गाडीवरच्या प्लेटचा आकडा खरा, अटॅचमेंट लावली असेल तर त्याची वेगळी प्लेट.

आणि बंद ट्रेलरच्या आत फोर्कलिफ्ट घालणाऱ्यांनो, ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) सोडून नेला असेल तर ट्रेलरच्या नाकाखाली जॅक स्टँड लावा, नुसते ते दोन बारके पाय भरवशाचे नाहीत, फोर्कलिफ्ट पुढे टोकाला गेली की नाक खाली घेतं.

शंकासुर:

हायड्राबद्दल, म्हणजे माल उचलून घेऊन चालणाऱ्या क्रेनबद्दल, कुणी बोललंच नाही. निम्मं काम तर आमच्याकडे त्याच्यावरच होतं, वेगळी क्रेन कोण मागवतं.

हुकावरचा:

बोलायचं मुद्दाम टाळत होतो, राग येतो म्हणून.

पिक अँड कॅरी क्रेन, सगळे हायड्राच म्हणतात. त्यावर लिहिलेला आकडा सगळ्यात आखूड बूम, सगळ्यात जवळचा पल्ला, चेसिस सरळ, जमीन सपाट अशा वेळचा. ही गाडी कमरेत वळते. वळली की बूम आणि माल बाजूला जातो, मागचं वजन सरळ मागे राहत नाही, आणि क्षमता धाडकन उतरते. उताराला आडवी चालली तर अजून. त्यात माल पेंडुलमसारखा हलतो म्हणून एक हेल्पर माल धरून पुढच्या चाकाला चिकटून चालत असतो, ऑपरेटरला तो मालाच्या मागे दिसत नाही. पाय घसरला की चाकाखाली. हा अपघात इतक्या ठिकाणी इतक्यांदा झालाय की त्याला अपघात म्हणायची लाज वाटते.

मालाला दोन टोकांना गाइड रोप बांधा, लांब, आणि माणूस चाकापासून लांब चालू दे. दोरी हाताला गुंडाळायची नाही. माल जमिनीपासून वीतभरच वर. शक्यतो हायड्राने ट्रेलरवरून उचलायचं, ट्रेलर पुढे काढून घ्यायचा, आणि माल तिथेच खाली ठेवायचा, शेडपर्यंतचा प्रवास स्केट्सवर (मालाखाली घालायच्या छोट्या चाकांच्या पाट्या).

पोकलेन_गडी:

माल उतरवणं वेगळं आणि मशीन स्वतः चालवत उतरवणं वेगळं, त्यावर थोडं. लोबेडवरून (बुटक्या डेकचा ट्रेलर) पोकलेन उतरवतो, रोजचं काम.

लोखंडी ट्रॅक, लोखंडी रॅम्प, वर पाऊस नाहीतर आधीच्या मशीनचा चिखल, म्हणजे साबणावर साबण. डेक ९० सेमी आणि रॅम्प साडेतीन मीटर असला की चढ १५ अंशाचा होतो, आणि मागची चाकं खड्ड्यात न घेता रॅम्पचं टोक खड्ड्यात टेकलं तर त्याहून जास्त. मी आधी रॅम्प खरडून घेतो, लाकडी फळ्या नसतील तर रबरी मॅट टाकतो. ट्रॅक सरळ करून, बकेट जमिनीलगत, रॅम्पवर आल्यावर फिरवाफिरवी नाही, स्टिअरिंग नाही. वाकडं लागलं तर परत वर, मग सरळ.

पण खरा क्षण म्हणजे डेकची मागची कड. मशीनचा अर्धा भाग हवेत, मग एकदम ढपकन खाली टेकतं. बूम पुढे करून बकेट जमिनीला टेकवून हळू उतरवायचं ते. त्याच वेळी ट्रेलरची शेपटी दबते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन उचललं जातं, चाकं जमिनीला नुसती टेकून राहतात. हँडब्रेक लागलेला असतो पण पकड कुठली? गाडी सरकते आणि तुम्ही रॅम्पसकट मध्ये. म्हणून शेपटीखाली ट्रेलरचे पाय खाली करा, नसतील तर स्लीपर (जाड लाकडी ओंडके) रचा. चाकाला गुटके. ट्रॅक्टरमध्ये कुणी बसायचं नाही.

सीट बेल्ट लावा. उलटतंय असं वाटलं की सगळ्यांना उडी मारावीशी वाटते आणि मशीन नेमकं त्याच बाजूला येतं. केबिन चेपू नये म्हणून बनवलेली असते, पण तुम्ही आत असाल तरच ना.

नवखी_इंजिनियर:

अवांतर: आउटरिगरखाली आमच्याकडे एकदा नुसती ६ मिमीची पत्र्याची प्लेट टाकलेली. ती वाटीसारखी वाकली, म्हणजे भार पसरलाच नाही. एका पायावर ३० टन आले आणि पाया अर्धा मीटर बाय अर्धा मीटर असला तर चौरस मीटरला १२० टन. खाली १.२ बाय १.२ मीटरची *न वाकणारी* मॅट टाकली तर २१ टन. शॉपफ्लोअर, तुमच्या यार्डात ड्रेनेजचं चेंबर किंवा नवीन बुजवलेला चर आहे का बघा, क्रेन नेमकी त्यावरच उभी राहते!

सेफ्टीताई:

+१. आणि मान वर करून वायरी पण बघा. ५० केव्हीपर्यंतच्या लाइनला ओशाचा किमान आकडा ३ मीटरचा आहे, बूम, दोरी, माल सगळ्यांपासून. जास्त व्होल्टेजला जास्त. मी स्वतः लाइन बंद करून घेतल्याशिवाय परमिट देत नाही.

शॉपफ्लोअरवाला:

अपडेट. काल दुसरा प्रेस ब्रेक आला. उशीर झाला लिहायला, आधी झोपलो.

गाडी आत आल्यावर खलाशीकाकांची चक्कर मारली, हात खिशात घालून. मागच्या बाजूने एक डोळा मिटून बघितलं तर वरचा भाग थोडासा आमच्या भिंतीच्या बाजूला गेलेला वाटला, हेल्पर म्हणाला भास आहे, ओळंबा सोडला तर दीड मीटरला चार सेमी! त्या बाजूची पुढची लाकडं चेपलेली. यावेळी दोन चेन कडक, दोन लोंबतायत. पोरगं स्वतःच म्हणालं, साहेब ही कडक शेवटी आणि हूक लावल्यावर.

बाइंडर यावेळी पण सगळे रेललेल्या बाजूलाच होते. मग हूक लावून ढील काढली, वरच्या भोकांतून निळे आठ टनी, कोन ६० च्या वर ठेवला, झुकलेल्या बाजूला दोन स्क्रू जॅक आणि स्लीपरचा टेकू दिला, आणि मग कडक चेनला दुसऱ्या बाजूने वेगळा रॅचेट बाइंडर लावून ताण त्याच्यावर घेतला, जुना मोकळा झाला. रॅचेट हळूहळू, दात मोजत सोडला, पलीकडे उभं राहून. मशीन सोडताना बोटभर हललं. बोटभरच. पण सगळ्यांना दिसलं, आणि कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.

डेकवरचे लोक खाली, सिग्नलमनची चक्कर (एक ताडपत्रीची दोरी राहिली होती बरं का! तिने ट्रेलर उचलला नसता, पण राहिली होती), १० सेमीवर थांबलो, पुढची बाजू जड म्हणून तिरका उठला, परत ठेवून एका बाजूचा शॅकल बदलून लांबी जुळवली, दुसऱ्यांदा सरळ उठला. एकूण सव्वादोन तास. ड्रायव्हर रंगवलेल्या जागेत, सावलीत, ट्रेलरचालकांच्या सूचनेनुसार.

जुना_खलाशी:

जॅक आणि स्लीपरचा टेकू आधी दिलात का हूक आधी?

शॉपफ्लोअरवाला:

हूक आधी काका. मग टेकू. टेकू देताना पण त्या बाजूला कुणी खाली वाकून उभं राहिलं नाही, लांब बांबूने सरकवले स्लीपर.

जुना_खलाशी:

बरोबर.

ट्रेलरचालक:

आणि त्या पाइपचं काय केलंत? तो उडालेला.

शॉपफ्लोअरवाला:

हेल्परने घरी नेला. म्हणाला साहेब, हा मी कुणाला वापरू देणार नाही.